डावीकडच्या धाकट्या वाट्या

फ्रीजचा प्लग काढला आणि गाडीची किल्ली
आत, लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवली.
जुनी सवय. किल्ली घ्यायला आलो की
फ्रीज पुन्हा लावायची आठवण होते,
दुसऱ्याच्या घरचं दूध नासत नाही.

रात्रीचा दीड. एरंडवण्यातली गल्ली.
कर्वे रस्ता आत्ता कुठे श्वास सोडतोय.
पंखा बंद. भिंतीवरचं घड्याळ
इंदुलकर बाईंच्या सुनेने गोधडीत गुंडाळून
न्हाणीघरात नेऊन ठेवलं, झोपलेल्या बाळासारखं.

मग पेटी उघडली.
दोन माइक, अंगठ्याएवढे जाड, स्पंजच्या खाचेत,
एकाच दिवशी एकाच हाताने तपासलेले,
क्रमांक लागोपाठ: सातशे बारा, सातशे तेरा.
सोबत कारखान्याचा कागद, त्यावर दोन रेघा
इतक्या एकमेकींवर, की एकच दिसते.
घेतले तेव्हा बायको म्हणाली होती,
एका आवाजाला दोन कशाला?
मी तिला डोळे मिटून एक कान झाकायला लावला
आणि खोलीभर किल्ल्या वाजवत फिरलो.
"कळलं," म्हणाली, "आता हप्ते किती ते सांग."

आडव्या पट्टीवर दोघे बसवले,
मध्ये सतरा सेंटिमीटर, म्हणजे साधारण एक डोकं,
तोंडं दोन दिशांना, भांडलेल्या भावंडांसारखी.

बाईंनी सोळा वाट्या अर्धचंद्रात मांडल्या.
मोठ्या त्यांच्या डाव्या हाताला, धाकट्या उजव्या;
समोरून मला उलट, धाकट्या डावीकडे.
चमच्याने पाणी घालायचं, काडी टेकवायची,
पुन्हा अर्धा चमचा काढायचा.
वय एकोणऐंशी. हात थरथरतो,
पण काडी पडते तेव्हा नाही.

दुर्गा सुरू केला. धाकट्या वाट्या मंद.
"बाई, उजवा हात जरा जोरात."
त्यांनी नुसतं पाहिलं.
वायर बदलली. बाराच्या जागी तेरा लावला.
स्टँड वीतभर सरकवला.
तरी डावीकडे, कोणी वाटीवर तळवा ठेवावा तसं.
आणि पडद्यावर दोन्ही हिरवे पट्टे
एका उंचीचे.

मग हेडफोन काढला, फिरवला, उलटा घातला.
"परत एकदा."
आल्या की सगळ्या. शेवटची, पणतीएवढी,
तिच्या कडेला लागलेलं काडीचं लाकूड,
तेसुद्धा.

माइक जुळलेलेच होते.

"काय सापडलं?" बाईंनी विचारलं.
वायर, म्हणालो. वायर होती.
त्यांनी सोळावीत थेंबभर पाणी सोडलं.
"माझीही पाच वर्षं वायरच आहे," म्हणाल्या.

बाकीची रात्र उलट्या हेडफोनात केली.
आता मोठ्या वाट्या डावीकडे, धाकट्या उजवीकडे.
एकतीस वर्षं मी श्रोत्यांच्या खुर्चीतून ऐकत आलो.
आज पहिल्यांदा तिथे मांडी घातली
जिथून त्या ऐकतात.
खर्जाची वाटी किती जवळ आहे तिथून,
अगदी गुडघ्याशी.

साडेचारला दुधाची गाडी आली, ती रेकॉर्डिंगमध्ये आहे.
राहू दे, बाई म्हणाल्या, पुणंच आहे.

दोघांना खाचेत निजवलं, सिलिकाची पुडी बदलली,
रेघांचा कागद घडी करून वर ठेवला.
टिळक रस्त्यावर कानांचे एक डॉक्टर आहेत म्हणे.
बघू.

फ्रीज लावला. त्याची घरघर
खोलीच्या एकाच बाजूने आली.
किल्ली इतकी गार,
की जिना उतरेपर्यंत मुठीत धरून ठेवली.